चौसष्ट नंबरची सतार

चौसष्ट हा आकडा आपल्या चांगल्या ओळखीचा. कला चौसष्ट, बुद्धिबळाच्या पटावरची घरे चौसष्ट आणि १९५७ साली दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे पैसेही चौसष्टच. पण १९८७ साली जपानच्या रोलंड कंपनीने ‘एमटी-३२’ नावाची जी विजेची वाद्यपेटी बाजारात आणली, तिच्या लेखी चौसष्ट म्हणजे सतार. संगणकाने या पेटीला ‘चौसष्ट नंबर’ असे कळवले, की पुढचे सगळे स्वर सतारीच्या नादात उमटत. चार वर्षांनी, १९९१ साली, जगातल्या वाद्यनिर्मात्यांनी विचारविनिमय करून वाद्यांची एक नवी सर्वमान्य यादी ठरवली. तिला ‘जनरल मिडी’ म्हणतात. या यादीत सतारीला १०५ हा नंबर मिळाला आणि चौसष्टाव्या जागी कृत्रिम पितळी वाद्यांचा ताफा जाऊन बसला.

आता या दोन याद्यांमुळे होणारी फजिती पाहा. जुन्या पेटीसाठी रचलेली चीज नव्या यादीच्या वाद्यावर वाजवली, तर सतारीऐवजी तुताऱ्या गर्जू लागतात. उलट नव्या यादीप्रमाणे १०५ नंबर सांगून जुन्या पेटीकडे सतार मागितली, तर ती मारिंबा वाजवते. म्हणजे लाकडी पट्ट्यांवर टिपऱ्या मारून वाजवायचे एक परदेशी वाद्य. नव्या यादीत ११२ व्या जागी चक्क आपली सनई आहे. जुन्या पेटीत त्याच नंबरावर नळीत फुंकर मारल्यासारखा एक आवाज निघतो. लग्नाची सनई मागवावी आणि मांडवात कोणी नुसताच फुंकत बसावे, तसा प्रकार!

खरी मेख पुढेच आहे. एवढा घोटाळा झाला तरी यंत्र कुठे अडत नाही. पडद्यावर चूक झाल्याची पाटी लागत नाही. सूर बरोबर, ताल बरोबर, लय बरोबर. फक्त वाद्य भलतेच. ज्याने मूळ चीज कधी ऐकलेली नाही त्याला वाटते, ‘हे असेच असेल बुवा!’ जुन्या संगणकावरचे खेळ आज नव्या संगणकावर पुन्हा मांडणारे हौशी लोक जगभर आहेत. दिवाळीच्या सुटीत आपल्या मुलांना स्वतःच्या लहानपणचा खेळ दाखवू पाहणारे आईबापही त्यांत असतात. त्यांच्यापैकी कित्येकांनी या खेळांचे संगीत असे भलत्याच वाद्यावर ऐकलेले असते आणि त्याचा त्यांना पत्ताही नसतो. हा घोटाळा होतो कसा आणि तो टाळायचा कसा, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

स्वरांची वही

कोणी विचारील, एवढी नंबरांची यातायात कशाला? गाणे सरळ मुद्रित करून संगणकात का घातले नाही? याचे उत्तर निव्वळ हिशेबाचे आहे. कॉम्पॅक्ट डिस्कच्या प्रतीचे एक मिनिटाचे संगीत साठवायला सुमारे एक कोटी बाइट जागा लागते. १९८८ साली घरगुती संगणकाचे खेळ ज्या फ्लॉपींवर येत, त्यांतली एक साधारण ३६० किंवा ७२० किलोबाइटची असे. म्हणजे मोठ्या फ्लॉपी घेतल्या तरी एका मिनिटाच्या गाण्याने चौदा फ्लॉपी भरून थोडे उरले असते! खेळ कुठे ठेवायचा?

तेव्हा आवाजाऐवजी स्वरलिपी ठेवायची, अशी युक्ती निघाली. ही गोष्ट आपल्याला नवी नाही. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी शेकडो बंदिशी स्वरलिपीत उतरवून ठेवल्या. त्या पुस्तकात आवाज नाही. आहे ती सूचना. अमक्या मात्रेला अमका स्वर लाव. सूचना गाण्यात उतरायची तर समोर गवई हवा. शिवाय एकच स्वरलिपी ऑर्गनवर वाजली तर एक रंग आणि सारंगीवर वाजली तर दुसरा.

संगणकाच्या जगातली ही स्वरलिपी म्हणजे ‘मिडी’. अमेरिकेतील सिक्वेन्शल सर्किट्स कंपनीचे डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी हे तिचे दोन मुख्य शिल्पकार. १९८३ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून दाखवण्यात आली. एकावर बोट ठेवले की दुसरे वाजे. पुढे २०१३ साली या कामगिरीबद्दल दोघांना तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

मिडीचा कारभार मोठा सुटसुटीत आहे. ‘दुसऱ्या वाहिनीवर साठ नंबरचा स्वर, अमक्या जोराने’ हा निरोप तीन बाइटांत मावतो. साठ नंबरचा स्वर म्हणजे आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत मधल्या सप्तकातली पांढरी एक. वाहिन्या सोळा, प्रत्येकीवर एकेक वादक बसला आहे असे समजा. ‘या वादकाने आता सतार हाती घ्यावी’ हा निरोप तर दोनच बाइटांचा. तारेचा वेग सेकंदाला ३१,२५० बिटांचा आणि एका बाइटमागे खर्च दहा बिटांचा. म्हणजे सेकंदाला ३,१२५ बाइट, सुमारे हजार स्वरांचे निरोप. माणसाच्या बोटांना हे पुष्कळ झाले.

या निरोपात वाद्याचा फक्त नंबर जातो, नाद जात नाही, हे नीट ध्यानात ठेवावे. पुढच्या साऱ्या भानगडीचे मूळ तिथे आहे. त्यातही आणखी एक खोडी अशी, की यादीत नंबर १ ते १२८ छापलेले असतात, पण तारेवरून ० ते १२७ जातात. छापील १०५ ची सतार तारेवर १०४ होऊन जाते. एकाची चूक झाली की नव्या यादीत सतारीच्या शेजारचा बँजो वाजू लागतो.

तीन दारचे तीन वादक

१९८१ साली आयबीएमचा वैयक्तिक संगणक निघाला, तेव्हा त्याच्या पोटात एक लहानसा भोंगा होता. एका वेळी एकच स्वर आणि तोही कर्कश चौकोनी लाटेचा. धोक्याची सूचना द्यायला तो ठीक होता. त्याच्याकडून संगीताची अपेक्षा करणे म्हणजे रेल्वेच्या शिट्टीवर भूप वाजवण्यासारखे.

दुसरा वादक आला १९८७ साली, कॅनडातील क्वेबेकमधून. संगीताचे प्राध्यापक राहिलेले मार्टिन प्रेव्हेल यांच्या कंपनीने ‘अ‍ॅडलिब’ नावाचे कार्ड काढले. त्यावर यामाहा कंपनीची एक चिप होती आणि ती एका वेळी नऊ स्वर काढी. या चिपमागची कल्पना मात्र फार सुंदर आहे. गवई स्वरावर आंदोलन घेतो तेव्हा स्वर किंचित खालीवर झुलतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चौनिंग १९६७ साली अशाच झुलत्या स्वरावर प्रयोग करीत होते. झुलण्याचा वेग वाढवता वाढवता तो ऐकू येणाऱ्या स्वरांच्या वेगाइतका झाला, तेव्हा कानाला झोका ऐकू येईनासा झाला आणि त्या जागी एक नवाच नाद ऐकू येऊ लागला. एक लाट दुसऱ्या लाटेला हलवते आणि त्यातून घंटा, पितळी वाद्ये, तारा यांच्या जवळपासचे आवाज निघतात. यामाहाने ही पद्धत परवान्याने घेतली. १९८३ सालचा त्यांचा ‘डीएक्स-७’ हा प्रसिद्ध कीबोर्ड याच पद्धतीवर चाले. अ‍ॅडलिबवरची चिप म्हणजे त्याच घराण्यातले गरीब नातेवाईक. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ साली ‘साउंड ब्लास्टर’ कार्ड काढले, त्यावरही तीच चिप होती. म्हणून अ‍ॅडलिबसाठी केलेले संगीत त्यावरही वाजे.

तिसरा वादक म्हणजे आपली एमटी-३२. तिची युक्ती निराळी. माणसाचा कान वाद्य ओळखतो ते पुष्कळसे सुरुवातीच्या क्षणावरून. तारेला नखी लागते तो ‘टण्’, बासरीत फुंकर शिरते तो ‘फू’. म्हणून रोलंडने हा सुरुवातीचा क्षण खऱ्या आवाजाचे मुद्रण करून चिपमध्ये साठवला आणि पुढची लांबण यंत्राने तयार केलेल्या लाटेतून जोडली. एकूण बत्तीस तुकडे एका वेळी वाजत; एका आवाजाला एक ते चार तुकडे खर्ची पडत. आठ स्वरवादक, एक तालवादक आणि वर सभागृहात बसल्यासारखा घुमारा. किंमत अमेरिकेत सहाशे डॉलरांच्या वर. अ‍ॅडलिब त्याच्या निम्म्याहूनही कमी दरात मिळे.

१९८८ साली कॅलिफोर्नियातील सिएरा ऑन-लाइन या कंपनीने ‘किंग्ज क्वेस्ट’ मालेतला चौथा खेळ काढला आणि त्याचे संगीत विल्यम गोल्डस्टीन या चित्रपट-दूरचित्रवाणीच्या संगीतकाराकडून करून घेतले. खेळ भोंग्यावर चाले, अ‍ॅडलिबवर चाले आणि एमटी-३२ वरही. सिएरा एवढ्यावर थांबली नाही. खेळांबरोबर या वाद्यपेट्याही गिऱ्हाइकांना विकू लागली. पुढे काही वर्षे पुष्कळशा खेळांचे संगीत आधी एमटी-३२ डोळ्यांपुढे ठेवून रचले जाई आणि मग लहान वाद्यांच्या बेताने कातरले जाई. ज्याच्या घरी स्वस्त कार्ड होते त्याने हे कातरलेले कापडच आयुष्यभर पाहिले. अख्खे ठाण फार थोड्यांच्या वाट्याला आले.

दुभाष्या

खेळाच्या आज्ञावलीला या तिन्ही वादकांच्या भाषा येत नसत. म्हणून मध्ये एक दुभाष्या नेमलेला असे. त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. सिएराच्या खेळांत ‘एमटी३२.डीआरव्ही’ नावाची फाइल एमटी-३२ ची दुभाषी आणि ‘एडीएल.डीआरव्ही’ ही अ‍ॅडलिबची. खेळ प्रथम बसवताना एक छोटी आज्ञावली विचारी, ‘तुमच्याकडे कोणते वाद्य आहे?’ तुम्ही द्याल ते उत्तर ती एका चिठ्ठीत लिहून ठेवी आणि पुढे प्रत्येक वेळी खेळ ती चिठ्ठी वाचून दुभाष्या बोलावी.

हा दुभाष्या इमानी खरा, पण आंधळा. संगणक आणि वाद्य यांच्यामध्ये रोलंडचेच ‘एमपीयू-४०१’ नावाचे कार्ड असे. ते जागेवर आहे की नाही, एवढे तो चाचपून पाही. त्या कार्डाच्या पलीकडे तारेच्या टोकाला कोण बसले आहे, हे बहुधा विचारीत नसे. मिडीची एक तार निरोप एकाच दिशेने नेते. उत्तर हवे तर दुसरी तार लागते. तेव्हा सारा व्यवहार विश्वासाचा. ‘एमटी-३२ आहे’ असे तुम्ही लिहून दिले, की ड्रायव्हर जन्मभर तेच खरे मानून चालणार.

शिवाय तो नुसते नंबर पाठवून स्वस्थ बसत नसे. एमटी-३२ च्या आत चौसष्ट रिकामे कप्पे होते (पुन्हा तोच आकडा!). संगीतकाराला पेटीतला तयार आवाज पसंत नसेल, तर तो स्वतः नवा आवाज घडवी आणि ड्रायव्हर खेळ सुरू होताना तो पेटीत भरून ठेवी. एका आवाजाचे वर्णन निरोपाच्या वेष्टणासकट सुमारे २५६ बाइटांचे. चौसष्टही कप्पे भरायचे तर सोळा हजारांवर बाइट झाले. सेकंदाला ३,१२५ बाइट नेणाऱ्या तारेला त्यासाठी पाच सेकंद हवेत आणि मध्ये पेटीला दम खायला द्यावा लागतो तो वेगळाच. असे हे खास आवाज दुसऱ्या कोणत्याही वाद्याला समजत नाहीत. ते निरोप तिथे नुसते गळून पडतात.

संगणकातला बहुरूपी

हे सगळे यंत्रसाहित्य आता जुन्या बाजारात गेले. आज आपण हे खेळ चालवतो ते इम्युलेटरवर. इम्युलेटर म्हणजे काय? आपल्याकडे गावोगाव बहुरूपी येत. पोलिसाचा वेश करून आला तर वॉरंट काढून दाखवी आणि घरधनी क्षणभर घाबरून जाई. इम्युलेटर हा तसाच बहुरूपी आहे. ‘डॉसबॉक्स’ ही अशी आज्ञावली २००२ साली प्रथम निघाली आणि ती कोणालाही मोफत मिळते. ती आजच्या संगणकावर जुन्या आयबीएम संगणकाचे सोंग घेते आणि जुन्या खेळाला आपण मूळच्याच घरी आहोत असे वाटते. कार्डाचा पत्ता, कार्ड संगणकाला हाक मारते ती घंटा, सगळे हुबेहूब. पूर्वी दोन कार्डांची घंटा एकच निघाली, की संगणक उघडून कार्डावरची इवलीशी काळी टोपी चिमट्याने हलवावी लागे. आता एका ओळीतला आकडा बदलला की झाले.

बहुरूपी किती बारकाईने सोंग घेतो, याचा एक नमुना देतो. अ‍ॅडलिब घराण्याच्या चिपचे सोंग पुष्कळ दिवस अंदाजाने घेतले जाई. २००८ साली काही हौशी संशोधकांनी चिपचे कवच उतरवून आतल्या पटलाची छायाचित्रे काढली आणि त्यावरून तिच्यात कोरलेली आकड्यांची कोष्टके वाचून काढली. ती निघाली लॉगॅरिथमची! शाळेत लॉगच्या पुस्तकाने आपण गुणाकाराची बेरीज करीत होतो, तेच ही चिप करीत होती. गुणाकार करणारे मंडल महाग, म्हणून २५६ नोंदींची दोन कोष्टके आणि नुसती बेरीज. आकडे हाती लागल्यावर सोंगातला अंदाज गेला.

पाच प्रश्न

आता प्रत्यक्ष जुळणी. डॉसबॉक्सच्या सूचनांच्या फाइलमध्ये मिडीसाठी चारदोन ओळीच असतात, पण त्या लिहिण्यापूर्वी पाच प्रश्नांची उत्तरे मिळवावीत.

पहिला प्रश्न: खेळाचे संगीत कोणत्या वाद्यासाठी रचले? ढोबळ नियम असा, की १९८८ ते १९९१ चा खेळ असेल आणि त्याच्या यादीत एमटी-३२ चे नाव असेल, तर आधी ते घ्यावे. १९९१ साली रोलंडने ‘साउंड कॅनव्हास’ नावाची नव्या यादीची पेटी काढली. त्यानंतरच्या वर्षांतले खेळ बहुधा जनरल मिडीच्या वळणाचे.

दुसरा प्रश्न: खेळाच्या चिठ्ठीत त्याच वाद्याचा ड्रायव्हर लिहिला आहे ना? खेळ दुसऱ्याकडून आयता आला असेल, तर आधीच्या मालकाने आपल्या घरच्या कार्डाचे नाव त्यात लिहून ठेवलेले असण्याचा संभव फार.

तिसरा प्रश्न: मधले कार्ड कोणत्या रीतीने चालवायचे? एमपीयू-४०१ ला दोन रीती होत्या. एकीत कार्ड स्वतः वेळ सांभाळी. तिला ‘इंटेलिजंट’ म्हणत. दुसरीत ते नुसते टपालवाले, आले पत्र की पुढे ढकल. पुढच्या काळातील अनेक स्वस्त कार्डांनी फक्त टपालवाल्याचे काम ठेवले आणि त्यामुळे पहिल्या रीतीवर विसंबणारे जुने खेळ त्यांच्यावर मुके झाले. डॉसबॉक्समध्ये ‘इंटेलिजंट’ हीच रीत मुळात लिहिलेली असते. ती तशीच राहू द्यावी.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: तारेच्या टोकाला कोण बसले आहे? इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. विंडोजवर डॉसबॉक्सला काही सांगितले नाही, तर मिडीचे निरोप विंडोजच्या पोटातल्या साध्या वाद्याकडे जातात. गंमत म्हणजे त्या वाद्यातले नादही रोलंडकडूनच परवान्याने घेतलेले आहेत. पण यादी नवी. तिथे चौसष्ट म्हणजे तुताऱ्या. खेळाला एमटी-३२ सांगून ठेवायचे आणि टोकाला हे वाद्य बसवायचे, म्हणजे दुभाष्या मराठीत बोलतो आणि ऐकणारा तेच शब्द कानडी समजून अर्थ लावतो.

यावर तोड म्हणजे ‘मंट’ नावाची मोफत आज्ञावली. ती खुद्द एमटी-३२ चे सोंग घेते. ‘डॉसबॉक्स स्टेजिंग’ या नव्या शाखेत ती आतच बसवलेली असून मिडीच्या विभागात ‘एमटी३२’ एवढे नाव लिहिले की कामाला लागते. नव्या यादीच्या खेळांसाठी त्याच जागी ‘फ्लुइडसिंथ’ हे नाव लिहून नादांची एक फाइल जोडावी लागते.

पाचवा प्रश्न: टोकाला खरी जुनी पेटी असेल, तर तिला दम खायला वेळ मिळतो का? सुरुवातीच्या एमटी-३२ ला लांब निरोप भराभर आले की अजीर्ण होई आणि ती आपल्या वीस अक्षरांच्या पटलावर तक्रार दाखवी. त्यासाठी डॉसबॉक्समध्ये दोन निरोपांत मुद्दाम थांबण्याची सूचना देता येते. पेटीच्या पिढीचाही प्रश्न असतो. काही फार जुने खेळ पहिल्या पिढीच्या पेटीतल्या दोषांवरच बेतलेले, तर काही नंतरचे खेळ १९८९ सालच्या ‘सीएम-३२एल’ या भावंडावर. या भावंडात तेहेतीस जादा आवाज होते. ते खेळ मूळ पेटीवर लावले, की तेवढे आवाज गैरहजर राहतात.

जुळणी बरोबर झाली की नाही, हे ओळखायची एक खूण सांगतो. काही खेळ सुरू होताच पेटीच्या त्या वीस अक्षरी पटलावर आपला निरोप झळकवीत. मंटच्या खिडकीतही ते पटल दिसते. तिथे खेळाचा मजकूर उमटला, तर लांब निरोप पोहोचत आहेत असे समजावे. आणि डावी-उजवी बाजू उलटी वाटली तर दचकू नये. एमटी-३२ ची डावी-उजवी पुढच्या पेट्यांच्या नेमकी उलट होती.

मुद्रण करून ठेवले तर?

कोणी म्हणेल, एवढी खटपट करण्यापेक्षा कोणाच्या तरी चालू पेटीवरून सगळे संगीत एकदा मुद्रित करून ठेवावे आणि प्रकरण मिटवावे. कानाची हौस त्याने भागेल, पण रचना टिकणार नाही. कारण यांतले पुष्कळ संगीत ठरल्याप्रमाणे सुरू होऊन ठरल्याप्रमाणे संपणारे नव्हतेच.

‘मंकी आयलंड’ या प्रसिद्ध खेळाचा दुसरा भाग १९९१ साली लुकासआर्ट्स कंपनीने काढला. तिचे संगीतकार मायकेल लँड आणि पीटर मॅकॉनेल यांनी त्यासाठी ‘आयम्यूज’ नावाची व्यवस्था उभी केली. नायक गावात एका घरातून दुसऱ्या घरात शिरला, की धून न तुटता वळण घेते. त्या घरच्या माणसाच्या स्वभावाला साजेसे वाद्य पुढे येते. बाहेर पडला की मूळ धून बरोबर समेवर परत येते. संगीत नाटकातला ऑर्गनवाला जसा नटाच्या चालीवर नजर ठेवून ‘वन्समोअर’ला पुन्हा उचल घेई, तसाच हा कारभार. खेळणारा कुठे किती रेंगाळेल हे आधी कोणाला ठाऊक? मुद्रणात एका माणसाची एक फेरी सापडेल. बाकीच्या हजार फेऱ्या हव्या असतील, तर वही हवी, दुभाष्या हवा आणि बरोबर वाद्यही हवे.

पेटीच्या पोटातले

मंट हे सोंग उत्तम वठवते. पण खऱ्या पेटीतल्या दोन फाइली दिल्याखेरीज ते उभे राहत नाही. एक चौसष्ट किलोबाइटची (हा आकडा काही पाठ सोडत नाही!), पेटीचा कारभार पाहणारी, दुसरी ५१२ किलोबाइटची, मुद्रित नादांचा साठा. या फाइली म्हणजे रोलंडची मालमत्ता, म्हणून मंट करणारी मंडळी त्या देत नाहीत. ज्याच्याजवळ खरी पेटी आहे त्याने तिच्या चिपमधून त्या उतरवून घ्याव्यात, हा सरळ मार्ग.

आणि इथेच मनाला चुटपुट लागते. पेटी चाळिशीच्या घरात आली. ती बनवणे केव्हाच थांबले. काकेहाशी २०१७ साली गेले, डेव्ह स्मिथ २०२२ साली. एका यंत्राचा संपूर्ण आवाज साडेपाच-सहा लाख बाइटांत मावतो. आजच्या मोबाइलमधल्या एका साध्या फोटोहूनही तो लहान. तो जतन करायला ना कपाट लागते ना इमारत. मात्र तो नुसता जतन करून भागत नाही.

कारण सगळ्या फाइली जपल्या, सगळे बहुरूपी तयार ठेवले, तरी एक गोष्ट त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही: या अमक्या खेळाचे संगीत त्याच्या कर्त्याने कोणत्या वाद्यावर ऐकून पसंत केले होते? खेळाच्या यादीत पाचसहा वाद्ये असतात आणि यंत्राच्या दृष्टीने सगळी सारखीच बरोबर. मूळ वाद्य कोणते हे माणसांनाच ठाऊक असते; त्या काळी ते ऐकलेल्यांना, ते रचणाऱ्यांना, खोक्यातल्या माहितीपत्रकाला. ती माणसे गेली आणि ते कागद रद्दीत गेले, की उरतो तो नंबर. चौसष्ट. पुढच्या पिढीने त्याचा अर्थ तुताऱ्या असा लावला, तर तिला दोष कोणी द्यावा?

म्हणून ज्यांच्याजवळ असे जुने खेळ आहेत त्यांनी एवढे जरूर करावे. एकदा जुळणी बरोबर बसली आणि कानाची खात्री पटली, की खेळाच्या फाइलींशेजारी एक साधी चिठ्ठी लिहून ठेवावी: वाद्य कोणते, पेटीची पिढी कोणती, ड्रायव्हर कोणता, कार्डाची रीत कोणती. चार ओळींचे काम; पाच मिनिटेही लागत नाहीत. जुने गवई बंदिशीच्या वहीत समासात ‘अमक्या तालात, विलंबित’ असे लिहून ठेवीत, त्याच जातीची ही नोंद आहे. पुढे कोणी तो खेळ उघडील, तेव्हा त्याला चौसष्ट नंबरवर सतारच ऐकू येईल.